वरखर्च

कुठल्याही कोर्सला दोन खर्च असतात. एक छापलेला, दुसरा वरचा. छापलेला खर्च माहितीपुस्तकात चौकट आखून दिलेला असतो आणि त्याखाली प्राचार्यांची सही असते. वरखर्चाला चौकट नसते. तो घरातल्या बाईला तोंडपाठ असतो.

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या भाच्याला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बहीण आणि दाजी सांगलीकडून पहाटेच्या एसटीनं पेढे घेऊन आले. मी कॅल्क्युलेटर काढला. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी ट्यूशन फी शासन भरणार, उरलेली निम्मी दाजी उसाच्या बिलातून भरणार. बेरीज जमली. दाजींनी दुसरा पेढा उचलला. तेवढ्यात आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि वरखर्च?"

दाजींचा पेढा तोंडापाशीच थांबला.

ही पदराला हात पुसत बाहेर आली आणि बोटांवर मोजायला लागली. कॉटचं भाडं. त्याचं डिपॉझिट. मेस. ड्राफ्टर. वर्कशॉपचा ॲप्रन. पीएमटीचा पास. जर्नलं, त्यांची कव्हरं, वर्षाअखेर त्यांचं बाइंडिंग. कॅल्क्युलेटर, आणि तो मामांच्या हातातला वाण्याचा नव्हे, साइन-कॉसचा. इंडस्ट्रियल व्हिजिट.

"ती काय असती?" दाजींनी विचारलं.

"कारखाना बघायला नेतात," भाचा जमिनीकडे बघत म्हणाला.

हा कारखाना नेमका महाबळेश्वरच्या नाहीतर गोव्याच्या रस्त्यावर का असतो, हे तीस वर्षं कारखान्यात काढूनही मला उमगलेलं नाही. भोसरीला आमच्या टूलरूममध्ये एकही कॉलेज कधी फिरकलं नाही.

फी आणि वरखर्च यांच्यात एक मोठा फरक आहे. फी एकदा भरली की पावती मिळते. वरखर्च रोज भरावा लागतो आणि त्याची पावती म्हणजे महिनाअखेरीला पोराचा पडलेला आवाज. मदत करणाऱ्याला फीची मदत आवडते, कारण ती दिसते. ड्रॉइंग शीटच्या गुंडाळीला कोण कशाला हार घालील? शिवाय "वरचे पैसे" म्हटलं की आपल्याकडे माणसं पहिल्यांदा खातं विचारतात. पीडब्ल्यूडी की महसूल?

मी स्वतः आयटीआयचा. फिटर ट्रेड, दोन वर्षांचा, १९८६ ची बॅच. आम्हाला महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन मिळायचं. विद्यावेतन! शब्दाला काय वजन होतं. वेतन म्हटल्यावर मी घरात पाय आपटत चालायला लागलो होतो. त्या वेळी आयटीआयच्या फाटकावर चहा आठ आण्यांना होता, म्हणजे महिन्याला ऐंशी चहांचा मी धनी होतो. पुढे सरकारं आली, गेली, आघाड्या झाल्या, मोडल्या. चहा रुपयाचा झाला, दोनाचा झाला, पाचाचा झाला. चाळीस रुपये मात्र यावच्चंद्रदिवाकरौ चाळीसच. अखेर २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं त्याचे पाचशे केले. बातमी वाचून मी जुन्या सवयीनं भागाकार केला. फाटकावरचा चहा आता दहाला आहे. म्हणजे साडेबारा पट वाढ होऊनही आजच्या पोराला पन्नासच चहा मिळतात. तीस चहांनी मी श्रीमंत होतो, आणि हे मला सदतीस वर्षांनी कळलं.

तरीही त्या चाळीस रुपयांचा एक मोठेपणा मान्य करायला हवा. ते दिल्याचं शासनानं मला नंतर कधी ऐकवलं नाही. माझ्या थोरल्या काकांनी मला त्याच साली ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरसाठी एक्कावन्न रुपये दिले होते. त्यासाठी अर्ज नव्हता, दाखला नव्हता, उत्पन्नाची अट नव्हती. काकांनी कोपरीच्या खिशातून नोटा काढल्या, वर एक रुपया ठेवला आणि पाठीवर थाप मारली. झाली योजना मंजूर. पण ती योजना अजून चालू आहे. माझ्या साखरपुड्यात काकांनी मुलीकडच्यांना सांगितलं, "याचा पहिला बोर्ड आपण घेऊन दिला." लग्नात अक्षता पडायच्या आधी सांगितलं. चिंचवडच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला ते हॉलच्या भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "बघा, एक्कावन्न रुपयांचं काय झालं!" तोवर मी त्या फ्लॅटसाठी बँकेचं वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलं होतं. ती बँक बिचारी वास्तुशांतीला आलीसुद्धा नाही.

म्हणून मी जेव्हा भाच्याला म्हटलं, "कशाला अर्जबिर्ज, महिन्याला हजार मी देत जाईन," तेव्हा त्यानं अत्यंत नम्रपणे मान हलवली.

"नको मामा. आपण महाडीबीटीवर फॉर्म भरू."

"अरे, मी काय परका आहे?"

"तसं नाही मामा. पण पोर्टल लग्नात येत नाही."

पोरगा हुशार आहे. इंजिनिअरिंगला उगाच नाही गेला.

आपल्याकडे शिकणाऱ्याच्या वरखर्चाची सोय कुणी ना कुणी करतच आलं आहे, आणि प्रत्येक सोयीला आपापला चटका आहे. जुन्या पुण्यात गरीब घरची पोरं वार लावून जेवायची. सात वार, सात घरं. सोमवारच्या घरी तूप, मंगळवारच्या घरी टोमणे, असा आठवडा. भाऊराव पाटलांनी रयतमध्ये 'कमवा आणि शिका' आणलं तेव्हा पोरांच्या हातात कुदळ दिली आणि टोमणे वजा केले. मला त्यातला हिशोब पटतो. शाहू महाराजांनी तर १९०१ मध्येच कोल्हापुरात बोर्डिंग काढलं आणि पुढे जातीजातींच्या पोरांसाठी वसतिगृहांची रांग लावली. नुसती फी माफ करून भागत नाही, पोराला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे राजवाड्यात राहणाऱ्या माणसाला दिसलं.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. त्या करारानं ते बडोद्याला गेले. नोकरी होती, पगार होता, न्यूयॉर्क आणि लंडनची विद्या होती. राहायला खोली मिळेना. जात लपवून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले, आणि तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढलं. वरखर्चातली सगळ्यात साधी रक्कम, खोलीभाडं. खिशात पैसे असूनही ते भरून घ्यायला त्या शहरात कुणी तयार नव्हतं.

हे मला आठवलं ते भाच्याच्या खोलीत. नऱ्ह्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, तीन कॉट, एक दोरी आणि त्या दोरीवर तिघांचा संसार. तीन कॉटवर अडीच योजना होत्या. खिडकीकडचा लातूरचा मुलगा स्वाधार योजनेतला. ज्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी बाबासाहेबांच्याच नावानं काढलेली ही योजना. त्याला आकडे पाढ्यासारखे पाठ होते. पुण्यासाठी जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००, मिळून वर्षाचे ६०,०००. "शिवाय आपण इंजिनिअरिंगला, म्हणून साहित्याचे वरती ५,०००. मेडिकललाही तेवढेच. बाकीच्या कोर्सला २,०००." मला ही शेवटची ओळ फार आवडली. ड्राफ्टरचाही विचार करणारा एक तरी माणूस मंत्रालयात बसलेला होता. बहुधा त्याच्या घरातलं कुणीतरी इंजिनिअरिंगला असणार.

दाराकडच्या कॉटवरचा मुलगा बापाच्या योजनेत होता. उत्पन्न आठ लाखांच्या वर, त्यामुळे शासनाकडून काही नाही. दर रविवारी रात्री नऊला बापाचा फोन यायचा आणि तो गॅलरीत जाऊन हिशोब द्यायचा. हीच ती अर्धी योजना. आत येताना त्याचा चेहरा बघून बाकीचे दोघं पोर्टलला दुवा द्यायचे.

मधल्या कॉटवर आमचा भाचा. त्याच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारकाच्या मुलाला तेव्हा पुण्यात वर्षाला ३०,००० मिळायचे, दहा महिन्यांसाठी. उरलेले दोन महिने विद्यार्थी वायुभक्षण करायचा, किंवा मामाकडे जेवायचा. दाजींची जमीन तीन एकर, त्यामुळे अल्पभूधारक असण्यात कसलीच अडचण नव्हती. अडचण फक्त ते सिद्ध करण्यात होती.

शेतकऱ्याला त्याचं उत्पन्न विचारू नये. त्याला उत्पन्नाचे तीन आकडे माहीत असतात. सोयरीक जमवताना सांगायचा एक, तहसीलला सांगायचा दुसरा, आणि खरा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, तोही पाऊस पडला आणि कारखान्यानं बिल काढलं तर. दाजींनी तलाठ्याला उत्पन्न सांगितलं तेव्हा शेजारी भावकीतला एकजण बसला होता, ज्याच्या मेव्हणीच्या मुलीचं स्थळ दाजींच्या पुतण्याला येणार होतं. दाजी तो आकडा इतक्या हळू आवाजात बोलले की तलाठ्यानं दोनदा विचारलं. अखेर कागदावर लिहून दिला आणि कागद हातानं झाकून धरला.

दाखले जमले. मग ते केबीत बसवायचे होते. महा ई-सेवा केंद्रातल्या मुलानं उत्पन्नाचा दाखला इतका दाबला की तहसीलदारांची सही मुंगीएवढी झाली आणि गोल शिक्का तिच्या तोंडातल्या साखरेच्या दाण्याएवढा. "चालतंय काका, कोण बघतंय," तो म्हणाला. पुढे कळलं की बघतात.

पण त्याआधी ओटीपी.

भाच्याचं आधार काढलं तेव्हा तो शाळेत होता आणि घरात मोबाइल एकच होता, त्याच्या आजोबांचा. आजोबा म्हणजे अण्णा. वय पंच्याहत्तर, नजर शाबूत, कान त्यांच्या मर्जीवर. गावात त्यांच्या मळ्यात रेंज येते ती एकाच ठिकाणी, विहिरीवरच्या लिंबाच्या दुसऱ्या फांदीला. म्हणून अण्णांचा मोबाइल दुधाच्या पिशवीत घालून त्या फांदीला टांगलेला असतो. घंटी वाजली की अण्णा खुरपं ठेवून चालत येतात. ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं. अण्णांची चाल आपली ठरलेली.

पहिला ओटीपी ते वाटेत असतानाच वारला. दुसरा त्यांनी वाचला, पण तो ओटीपी नव्हताच, मोबाइल कंपनीची दोनशे एकोणपन्नासवाली ऑफर होती. तिसऱ्या वेळी अण्णा झाडाखालीच ठाण मांडून बसले. मेसेज आला. आम्ही पुण्यात स्पीकर लावून, पेन उघडून तयार.

"अण्णा, सांगा आकडे."

पलीकडे शांतता. मग अण्णा म्हणाले, "न्हाई सांगायचं."

"अहो, का?"

"हितं लिवलंय. वटीपी कुणाला सांगू नगा. कुणालाबी म्हंजी कुणालाबी."

"अण्णा, मी आहे. तुमचा नातू."

"आवाज तुझाच हाय. पर नातवाला सांगा आसं काय लिवल्यालं न्हाई."

नऊ मिनिटं भाच्यानं विनवण्या केल्या. मी मध्ये पडलो, तर अण्णा म्हणाले, पाहुणे, तुम्ही मोठ्या कंपनीत काम केलेलं माणूस, तुम्हीच नेम मोडायला सांगता व्हय? अखेर बहिणीला मळ्यात पाठवलं, तिनं फोन हातात घेतला आणि चौथा ओटीपी एकदाचा पुण्याला पोचला. पोचला तो सहाच्या जागी नऊ होऊन, कारण तिनं फोन उलटा धरला होता. पाचव्याला लॉगिन झालं. भाच्यानं कॉटवरून उठून टाळ्या वाजवल्या आणि लातूरच्या मुलानं चहा पाजला.

अर्ज गेला. पंधरा दिवसांनी परत आला. त्यावर एकच शब्द, 'त्रुटी'.

आयटीआयला आमचे निदेशक होते, ते जॉब हातात घेऊन त्याला गुण्या लावायचे आणि खिडकीकडे धरायचे. पोलाद आणि गुण्या यांच्या मधून केसाएवढा उजेड आला तरी म्हणायचे, "उजेड दिसतोय. घास." आम्ही परत कानस घेऊन व्हाइसवर. पहिले दोन महिने मी दुसरं काही केलेलं नाही. पण ते उजेड कुठून येतोय ते बोटानं दाखवायचे. डाव्या कोपऱ्यात, मधे, कडेला. पोर्टल नुसतं म्हणतं, घास. भाच्यानं आधी फोटो बदलला. परत त्रुटी. मग बोनाफाइड बदललं. परत त्रुटी. तिसऱ्या वेळी कॉलेजच्या खिडकीवरच्या माणसानं हळूच सांगितलं, "तहसीलदारांची सही दिसत नाही. मुंगी दिसते." नवा दाखला, थोडा कमी दाबलेला. गेला.

मग अर्ज फिरू लागला. कॉलेजच्या एका डेस्कवरून दुसऱ्या डेस्कवर, तिथून सहसंचालक कार्यालयाकडे. भाचा रोज सकाळी दात घासायच्या आधी स्टेटस बघायचा. लातूरच्या मुलानं सांगितलं, रोज बघितल्यानं डेस्क लाजतं. दिवाळी झाली, पहिलं सेमिस्टर झालं, दुसरं लागलं. वरखर्च कुणासाठी थांबत नव्हता. मेसवाल्या मावशी कुठल्याच डेस्कवर नव्हत्या, त्या दारात होत्या. मधल्या काळात पैसे दाजींनी दिले, मी दिले, आणि बहिणीनं एकदा म्हशीच्या दुधाच्या हप्त्यातून काढून दिले. माझे पैसे घेताना भाच्यानं सांगितलं, "मामा, हे उसने आहेत." आणि वहीत तारीख घालून लिहूनसुद्धा ठेवलं. वास्तुशांतीचा तो बंदोबस्त होता.

परीक्षा संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि अर्ज मंजूर झाला. पण मंजूर म्हणजे मिळाला नव्हे. अजून एक 'रिडीम'चं बटण होतं, आणि ते दाबायलाही पुन्हा ओटीपी. या खेपेला बहीण आधीच लिंबाखाली सतरंजी घेऊन बसली होती. बटण दाबलं. चार दिवसांनी स्टेटसला हिरव्या अक्षरात आलं की पहिला हप्ता खात्यात जमा.

खात्यात नव्हता. भाच्यानं पासबुक छापून आणलं, एटीएमला विचारलं, बँकेत जाऊन विचारलं. बँकेतल्या बाईंनी दोन कळा दाबल्या आणि सांगितलं, "तुमचं आधार दुसऱ्याच खात्याला जोडलंय. तिकडे गेले पैसे." खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले. ते घरात कुणालाच ओळखीचे वाटेनात. दाजींना वाटलं, कुणीतरी मध्येच खाल्ले. तीन दिवसांनी बहिणीला ट्रंकेत, तिच्या लग्नातल्या शालूखाली, एक पासबुक सापडलं. आठवीत असताना शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं. शिल्लक अकरा रुपये. त्या अकरा रुपयांवर शासनाचा हप्ता जाऊन बसला होता.

मी, भाचा, दाजी असे आम्ही गावाजवळच्या त्या बँकेत गेलो. अण्णाही निघाले. नातवाचे सरकारी पैसे येणार म्हणून त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि पटका बांधला होता. पासबुकावर आठवीतल्या भाच्याचा फोटो होता. तेल लावून चोपलेले केस, वरचं बटण लावलेलं, डोळे कॅमेऱ्याला घाबरलेले. साहेबांनी फोटो बघितला, मग समोरची दाढी बघितली.

"हा तूच?"

"हो सर."

साहेबांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मान डोलावली. साक्ष पुरली असावी. साहेब म्हणाले, खातं झोपलंय, ते उठवायला हवं, केवायसी करू, पाच मिनिटांचं काम आहे. भाच्यानं आधार दिलं, पॅन दिलं, दोन फोटो दिले, सह्या केल्या. कुठेही त्रुटी निघाली नाही. दाजींनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. साहेबांनी शेवटची कळ दाबली आणि चष्म्यावरून विचारलं, "या खात्याला मोबाइल कुणाचा आहे?"

"माझाच की," अण्णा ताठ बसत म्हणाले.

"हां, मग त्यावर ओटीपी आला असेल. बघा बरं, सांगा."

आम्ही चौघांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी कोपरीचा खिसा चाचपला, धोतराचा सोगा चाचपला, आणि मग अगदी शांतपणे म्हणाले,

"फोन झाडाला हाय. तिथंच रेंज असती न्हवं."